मास्तर एकटे पुरेसे आहेत

४ ऑगस्ट

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार, आणि उशीर झाला म्हणून दोन्ही कान पकडले आहेत असं समजा.

तुम्ही म्हणत असाल, कार्टी शिकायला गेली आणि बापाला विसरली. तसं नाही हो. दुसरं वर्ष सुरू झालं आणि श्वास घ्यायला फुरसत नाही, म्हणून सुट्टीतही घरी येता आलं नाही. मागच्या वर्षी नुसती सूत्रं घोटून घेतली. यंदा खरा विषय आहे: एखादी कंपनी विकत घ्यायची झाली तर तिची किंमत ठरवायची कशी? आमचे सर म्हणतात, "ताळेबंद सगळ्यांकडे असतो. ताळेबंदात माणसं दिसत नाहीत, फक्त पगार दिसतो. आत जाऊन जो बघून येईल तो जिंकेल."

प्रत्येक गटानं एक कंपनी निवडायची होती. सगळ्यांनी बँका आणि मोठमोठी दुकानं घेतली. मी म्हटलं, आम्ही दाबाची घड्याळं करणारा कारखाना घेणार! माझ्या गटातला तो रोज कोट घालून येणारा म्हणाला, "घड्याळ? किती वाजले बघायचं?" मग मी समजावलं. बॉयलरवर जे गोल तबकडीचं यंत्र असतं, ज्याची सुई आतला दाब दाखवते, ते. सुई खोटं बोलली तर बॉयलर फुटतो आणि माणसं मरतात. आणि ती सुई खरं बोलते की नाही हे माझे बाबा ठरवतात. बाबा, इतकी वर्षं मी तुमच्या कामाबद्दल कधी धड विचारलंसुद्धा नाही, ह्याची मला तिथेच लाज वाटली.

तर आता विचारते. तुमच्या तपासणीच्या खोलीत कोण कोण आहे? कोण काय करतं? एखादा आला नाही तर काय अडतं? जे असेल ते सविस्तर लिहा.

आई होती तेव्हा पत्रं ती लिहायची आणि तुम्ही खाली "वरीलप्रमाणे" एवढंच लिहून सही ठोकायचात. आता वरचंही तुम्हालाच लिहावं लागतं, आणि काय झोकात लिहिता!

तुमची,
खारू

१७ ऑगस्ट

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून सांगतो. नाहीतर आपली टिमकी आपणच वाजवायची मला सवय नाही. (इथे लंबू हसतोय. हसू दे.)

आमची खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला. एक लांब टेबल, एक हातपंप, आणि लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेलं अस्सल घड्याळ. त्याच्याशी बाकी सगळी ताडून बघायची. नवं घड्याळ पंपाला जोडायचं, दाब वाढवत न्यायचा, पाच ठिकाणी थांबून दोन्ही सुया जुळतात का बघायचं. काचेवर बोटानं हलकी टिचकी मारायची, म्हणजे अडकलेली सुई जागेवर येते. जुळलं तर शिशाचं सील लावायचं आणि त्यावर माझा शिक्का मारायचा, सात नंबर. सात नंबर नसला तर माल दाराबाहेर जात नाही. एकोणतीस वर्षांत एकही परत आलेलं नाही.

आता मंडळी. लंबू: देवानं त्याला सहा फूट दोन इंच उंची वरच्या फळीवरची पेटी काढण्यापुरती दिली आहे. उरलेल्या वेळात पंप मारतो आणि चहा पितो. शिक्केवाली मावशी: पकडीनं सील दाबते. समोर येईल त्याला सील लावते, एकदा स्वतःच्या पदरालाच लावून बसली होती. सुईवाला: सुया बसवतो. बसवतो कमी, फुंकर जास्त मारतो.

एखादा आला नाही तर काय अडतं म्हणतेस? तिघंही आले नाहीत तरी खोली चालेल. उलट बरी चालेल, बडबड कमी.

जेवणाची आबाळ करू नकोस. 

तुझा,
बाबा

३ सप्टेंबर

ती. बाबांना,

तुमचं पत्र मी गटात वाचून दाखवलं. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. कोटवाल्यानं तर लंबूकाकांचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. पण सर हसले नाहीत. म्हणाले, "ह्यात सोनं आहे. आता आकडा मिळव."

म्हणून हा आकड्याचा प्रश्न. चौघं मिळून दिवसाला किती घड्याळं तपासता? आणि तुम्ही एकट्यानं तपासायची म्हटली तर किती होतील? अगदी नेमकं सांगा, मी ते कागदावर मांडणार आहे.

आणि चष्म्याचा नंबर तपासून आलात का? मागच्या दोन पत्रांत विचारलं, दोन्ही वेळेला तुम्ही पद्धतशीर टाळलंत.

खारू

१२ सप्टेंबर

चि. खारूस आशीर्वाद.

चष्मा आहे तोच उत्तम आहे. सुईची टोकं मला अजून पलीकडच्या भिंतीवरून दिसतात. डॉक्टरांच्या दारात कशाला उभा राहू?

चौघं मिळून दीडशे होतात. एकट्यानं एकशे चाळीस. लंबू म्हणतो, पोरीसमोर कंजूषपणा कशाला, एकशे साठ सांग. बरं, एकशे साठ लिही. लोक मला मास्तर म्हणतात ते काय उगीच?

तुझ्या सरांना म्हणावं, एकदा येऊन बघून जा. बसायला स्टूल आहे.

तुझा,
बाबा

२५ नोव्हेंबर

ती. बाबांना,

पहिलं बक्षीस! आमच्या गटाला! परीक्षकांमध्ये एका मोठ्या गुंतवणूक कंपनीच्या प्रमुख बाई होत्या. त्यांनी मला बाजूला बोलावून शिक्षण संपताच नोकरी देऊ केली. तसं पत्रच हातात दिलं. त्यांना कारखान्याचा भाग सगळ्यांत आवडला. म्हणजे तुमचाच.

पुढचं मला सगळं लिहिता येत नाही, तसं मी त्यांच्या कंपनीला लिहून दिलंय. एवढंच सांगते. उद्या कारखान्यात काही बदल झाले तर तुम्ही काळजी करू नका. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, त्याची तजवीज मी केली आहे. तुमच्यासारखा माणूस दुसरा नाही, हे मी नीट मांडलंय. ह्यापेक्षा जास्त विचारू नका.

आई असती तर आज किती मिरवली असती.

खारू

६ डिसेंबर

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

नाव काढलंस! आज खोलीत चहा माझ्याकडून झाला. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तुला लहानपणी कडेवर घेऊन कारखाना दाखवायची.

बदलांचं इथेही कानावर येतंय. मालक विकणार म्हणतात. तिघं जरा धास्तावले होते. मी सांगून टाकलं, "अरे, माझी पोरगी वर बसलीय! तिनं सगळी तजवीज केली आहे. कुणी चिंता करायची नाही." सुईवाल्याला महिनाभरात पहिल्यांदा नीट जेवताना पाहिलं.

तुझा,
बाबा

१० जानेवारी

बाळ खारू,

अक्षर ओळखीचं वाटेल. वाटायलाच हवं, कारण गेल्या दोन वर्षांतली तुला आलेली सगळी पत्रं मी लिहिली आहेत. मास्तर सांगायचा, मी लिहायचो. तुझं पत्र आलं की चहाच्या सुट्टीत मी मोठ्यानं वाचायचो आणि मावशी आणि सुईवाला ऐकायचे. कुणाला काही तुझ्यापासून लपवायचं नव्हतं, एक गोष्ट सोडून.

तुझ्या बापाला दिसत नाही. अगदी अंधार नाही, चालता-फिरता येतं. पण जे समोर धरावं त्याचा मधलाच भाग पुसलेला असतो. दोन डॉक्टर झाले. दोघंही म्हणाले, गेलं ते गेलं. तुझी आई गेली त्याच्यानंतर चार महिन्यांत हे सुरू झालं. तुला कळवायचं नाही अशी त्यानं आम्हाला शपथ घातली होती. पोरीचं शिक्षण अर्धवट सुटेल म्हणायचा.

आमचं काम असं चालायचं. पंप मी मारायचो आणि आकडे मोठ्यानं सांगायचो. मावशी ते दुसऱ्यांदा बघायची. सुई हलवायची असेल तर सुईवाला हलवायचा. आणि निर्णय मास्तरचा. अर्ध्या रेघेचा फरक चालेल की नाही हे त्याच्याइतकं आम्हाला कळत नाही, हे मात्र शंभर टक्के खरं. चार माणसं मिळून एक धड तपासनीस होत होतो. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, तेवढी ओढायची असं आमचं ठरलं होतं. त्यानं आम्हाला हाताला धरून शिकवलंय, बाळा.

दोन तारखेला नवा मॅनेजर आला. त्याच्याकडे अहवाल होता, चांगला बांधलेला. आम्हा तिघांना बोलावून त्यानं पान चौदा वाचून दाखवलं. "साहाय्यकांचे काम मुख्यतः उचल-ठेव स्वरूपाचे असून, मास्तर एकटे पुरेसे आहेत." भाषा सभ्य होती, पण वरच्या फळीवरची पेटी मी ओळखली की! ती थट्टा मास्तरची नव्हतीच, ती माझी. त्यानं नुसतं "लंबू पंप मारतो" एवढंच सांगितलं होतं, मी रंग भरला. एकशे चाळीसचे एकशे साठ मीच केले. मला वाटलं, पोरगी हसेल. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. त्याच दिवशी तिघांचा हिशेब करून दाराबाहेर काढलं.

राग आलाय का? आलाय. तुझा आलाय, मास्तरचा आलाय. स्वतःचा तर विचारू नकोस. पण हे पत्र त्यासाठी नाही. तो आता त्या खोलीत एकटा आहे आणि माल बाहेर जातोय, असं पॅकिंगवाला सांगत होता. त्यावर सात नंबर आहे. मी गेटपर्यंत गेलो, आत सोडलं नाही. त्याच्या घरी जायला माझा पाय उचलत नाही. तू काहीतरी कर.

लंबूकाका

१५ जानेवारी

बाबा,

लंबूकाकांचं पत्र आलं. मला सगळं कळलं. ओरडणार नाही, विचारणार नाही, फक्त आज, हे पत्र वाचाल त्या क्षणी, शिक्का मारणं थांबवा. आजारी आहे म्हणून घरी बसा.

कारखाना विकत घेणारी कंपनी म्हणजे मला नोकरी देणारीच. त्यांना अख्खी खोली बंद करायची होती. तुम्हाला वाचवायचं म्हणून मी बक्षिसाच्या त्याच अहवालात भर घालून दिली की तुम्ही एकटे चौघांचं काम करता. तुमच्याच पत्रांतून उतरवून घेतलं, बाबा. मला वाटलं, मी तुमची पाठराखण करते आहे. बाकीचे तिघं माझ्या कागदावर माणसं नव्हतीच, नुसती एक ओळ होती. मावशीनं मला कडेवर घेतलेलं मला आठवत होतं, तरीही.

उत्तर द्या. लगेच द्या.

खारू

२९ जानेवारी

खारू

अक्षराला हसू नकोस. ओळीवर ओळ चढली असेल. हे माझं मी लिहितो आहे. 

तुझी दोन पाकिटं आली. फोडली नाहीत. वाचणार कोण? लंबू येत नाही. त्याला बोलवायला मला तोंड नाही. शेजाऱ्याकडे न्यावीत तर काय लिहिलं असेल कोण जाणे.

मी तुझ्याशी खोटं बोललो. मला दिसत नाही.

ते तिघं गेल्यावर मी एकटा बसलो. पंप मीच मारायचो. दाब किती झाला ते पंपाच्या दांडीला हाताला कळतं, थोडंफार. बाकी अंदाज. शिक्का मारत गेलो. पहिले दिवस कुणाला कळेल म्हणून जीव मुठीत होता. मग लक्षात आलं, कळणार कुणाला, बघायला कुणी उरलंच नाही.

सोमवारी पॅकिंगवाला एक परत घेऊन आला. म्हणाला मास्तर हे बघा. मी हातात घेतलं. म्हणालो ठीक आहे की. तो म्हणाला मास्तर ह्याला सुईच नाही.

सुई नसलेल्या घड्याळावर माझा सात नंबर.

तसाच मॅनेजरकडे गेलो. म्हटलं मला दिसत नाही, माझी माणसं परत द्या, गेलेला माल परत मागवा. तो हसला. म्हणाला मास्तर, दोस्तांसाठी आंधळे झालात की काय. अहवाल काढून वाचला. ह्या माणसाची नजर ही कंपनीची मालमत्ता आहे. ते वाक्य तू लिहिलंस ना? ऐकल्याबरोबर मला कळलं. फार छान लिहिलं आहेस.

शिक्का खिशात घालून घरी आलो. ते म्हणतात मी अडवणूक करतो आहे.

माझं कुणी खरं मानत नाही. तुझं मानतील. त्यांना लिही की बाप आंधळा आहे आणि बढाईखोर आहे. लाजू नकोस. तीनशे अठरा बाहेर गेली आहेत. मी मोजली आहेत.

बाबा

३ फेब्रुवारी

माननीय बाईसाहेब,

आपण ज्या अहवालाला पहिलं बक्षीस दिलंत, त्याच्या पान चौदावर "अनुभवी सूत्र" असा उल्लेख आहे. ते सूत्र म्हणजे माझे वडील. हे मी आपल्यापासून लपवलं. त्यांनी मला जे सांगितलं ते मी पडताळून पाहिलं नाही, कारण ते माझे वडील आहेत. त्यांना दोन वर्षांपासून दिसत नाही. ज्यांना मी अनावश्यक ठरवलं त्या तिघांच्या आधारावर ती खोली चालत होती.

२ जानेवारीनंतर शिक्का मारून बाहेर गेलेली तीनशे अठरा घड्याळं कुणीही तपासलेली नाहीत. त्यातली काही आतापर्यंत बॉयलरवर चढली असतील. ती कृपा करून आजच परत मागवा. बाकी माझ्याबाबत आपण जे ठरवाल ते मला मान्य आहे.

आपली विश्वासू

२० फेब्रुवारी

ती. लंबूकाकांना,

नमस्कार. लिहायला हात धजत नव्हता.

तीनशे अठरापैकी तीनशे बारा परत आली. उरलेली सहा कुठं बसवली ते अजून सापडत नाही. मी रोज वर्तमानपत्र उघडते आणि आधी आतली पानं बघते, कुठं काही फुटलं का म्हणून.

खोलीला कुलूप लागणार. तपासणी बाहेर देणार आहेत. तुम्हा तिघांना परत घ्या म्हणून मी विनवलं, दोन वेळा. बाई म्हणाल्या, तो विषय संपला. बाबांना ह्या महिनाअखेर मोकळं करतील.

मला वाटलं होतं, माझं नोकरीचं पत्रही परत मागतील. तसं झालं नाही. त्या म्हणाल्या, "चूक इतक्या वेळेवर सांगणारी माणसं मिळत नाहीत. तुझ्यामुळे मोठं संकट टळलं." हात पुढे केला. आणि काका, मी तो हातात घेतला. मी हो म्हटलं. घरात आता दुसरं कुणी मिळवतं नाही, असं मी स्वतःला सांगते. ते खरंच आहे. पण हो म्हणताना तेवढंच डोक्यात होतं का, हे मला शपथेवर सांगता येणार नाही.

बाबांकडे माझी पाकिटं बंद पडून आहेत. हे पत्रही त्यांना कुणी वाचून दाखवायला हवं. तुम्ही जाल का? नाही गेलात तरी मी काही म्हणणार नाही. म्हणायला मी कोण?

खारू

१ मार्च

बाळ खारू,

गेलो. दार ढकललेलंच होतं. मास्तर खिडकीशी खुर्ची टाकून बसला होता. पायरीवरच्या चपलेच्या आवाजावरून त्यानं मला ओळखलं. मग मी चहा टाकला.

सगळी पाकिटं फोडून ओळीनं वाचली. तारखेप्रमाणं. त्यानं मध्ये एकदाही थांबवलं नाही. नोकरीला हो म्हणालीस ते वाचलं तेव्हा म्हणाला, "बरं केलं." पुन्हा वाचायला लावलं आणि पुन्हा म्हणाला, "बरं केलं." त्याच्या तोंडाकडे बघून मला तसं वाटलं नाही, पण तो तसं म्हणाला.

आमचं कसं चाललंय म्हणून विचारशील. सुईवाला बहिणीकडे राहायला गेला, पत्ता ठेवला नाही. मास्तर परवा काठी टेकत मावशीच्या घरी माफी मागायला गेला होता. ती आतून म्हणाली, "घरी कुणी नाही." तो पायरीवर तासभर बसून परत आला. मला अजून काम मिळालेलं नाही. ह्या वयात उंची बघून कोण घेतो.

आता मास्तर सांगतोय आणि मी लिहितोय, पूर्वीसारखं. तो म्हणाला, लिही, मी मजेत आहे, मित्र येतात-जातात, वेळ छान जातो, तू इकडची काळजी करू नकोस.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, मास्तर, हे मी लिहिणार नाही. एकदा तू सांगितलंस ते लिहिलं, वर माझ्या पदरचंही घातलं, त्याचं काय झालं ते आपण बघतोय. आता जे आहे ते सांग, तेवढंच लिहीन.

अर्धा तास झाला असेल. चहाचं पातेलं धुऊन आलो, तरी तसाच बसलाय.

आता म्हणतोय, लिही, तिला म्हणावं घरी ये.

लंबूकाका